मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार : घसरण सावरायला शिकावे की टाळायला?

आरंभशूर

आजवर मी पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या साध्या गाड्याच चालवल्या आहेत. आता एक जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार हाती आली आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, गिअर हाताने टाकायचे. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी प्रणाली) आहे, पण घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल आणि चाके जागीच फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल मात्र नाहीत. कोरड्या रस्त्यावर गाडी अतिशय आज्ञाधारक वाटते, पण ओल्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये थोडा जास्त अॅक्सिलरेटर दिला की मागचा भाग किंचित सरकल्याचे आसनातून जाणवते.

या विषयावर जे सल्ले वाचले, ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी म्हणते की आधी रिकाम्या जागेत गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिका. कोणी म्हणते की घसरूच नये असे चालवायला शिका, सावरणे हा नंतरचा विषय. शिवाय ‘गाडी घसरेल त्या दिशेला स्टीअरिंग फिरवा’ हे वाक्य मी अनेकदा वाचले, पण गाडीचे तोंड एकीकडे, शेपूट दुसरीकडे आणि प्रवास तिसरीकडे असताना नेमकी कोणती दिशा धरायची, हे त्यातून कळत नाही. अनुभवी सदस्यांनी कृपया क्रमवार सांगावे.

वळणदार

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. ते वाक्य विसरून जा आणि त्याऐवजी एवढेच लक्षात ठेवा : आपल्याला जिथे जायचे आहे तिथे पाहायचे आणि पुढची चाके तिकडे रोखायची. डाव्या वळणात मागचा भाग उजवीकडे निघाला, तर गाडीचे तोंड गरजेपेक्षा जास्त डावीकडे वळलेले असते, त्यामुळे हात आपोआप उजवीकडे जातात. दिशेचा हिशेब करत बसायला त्या क्षणी वेळ नसतो. नजर रस्त्याच्या पुढच्या भागावर असेल तर हात बहुतेक वेळा बरोबर वागतात, आणि नजर झाडावर खिळली तर तेच हात गाडीला झाडाकडे नेतात.

संथगती

माझे मत थोडक्यात सांगतो. ज्याला सावरण्याची गरज वारंवार पडते, त्याला चालवणे अजून आलेले नाही.

भौतिकप्रेमी

संथगती यांचे वाक्य टोचणारे आहे, पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे, म्हणून ते जरा विस्ताराने मांडतो.

रस्त्याला टेकलेला टायरचा भाग साधारण तळहाताएवढा असतो, आणि गाडीचा सगळा व्यवहार अशा चार तळहातांवर चालतो. प्रत्येक टायरला एका वेळी ठरावीक पकड मिळते. ती वेग वाढवण्यासाठी, ब्रेकसाठी किंवा वळण्यासाठी वापरता येते; दोन कामे एकदम सांगितली तर तीच पकड विभागली जाते. वळणात मागचे टायर आपली बहुतेक पकड गाडीला बाजूने धरून ठेवण्यात खर्च करत असतात. त्याच वेळी आपण त्यांच्याकडे पुढे ढकलण्याचे काम मोठ्या प्रमाणात मागितले, तर बाजूची पकड सुटते आणि शेपूट बाहेर जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हीच चूक केली तर पुढचा भाग वळणाबाहेर सरकतो. पाय मागे घेतला की ती गाडी बहुधा पुन्हा वळू लागते, म्हणून तिथे ही सवय खपून जाते.

वजनाची हालचालही समजून घ्यावी. अॅक्सिलरेटर दिला की वजन मागे जाते, सोडला किंवा ब्रेक लावला की पुढे येते. त्यामुळे वळणाच्या मध्यावर घाबरून पाय झटकन उचलला तर मागचे टायर हलके होतात आणि त्यांची पकड नेमकी हवी त्या क्षणी घटते. पाय उचलल्यावर इंजिन चाकांना जो अवरोध करते, तोही त्याच मागच्या चाकांवर पडतो, म्हणजे दुहेरी तोटा. याचा अर्थ असा की मागच्या चाकांवर चालणारी गाडी जास्त ताकद दिल्यानेही घसरते आणि ताकद एकदम काढून घेतल्यानेही घसरते. नवशिक्याला पहिला प्रकार ठाऊक असतो. दुसरा प्रकार त्याला गाफील गाठतो.

राहिला वेग. वळणात लागणारी बाजूची पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ५० ने तेच वळण घेतले तर वेग पाव पटीनेच वाढतो, पण पकड सुमारे १.५६ पट लागते. म्हणून वळणात शिरतानाचा वेग हाच खरा निर्णय असतो, आणि तो स्टीअरिंग फिरवण्याच्या आधी घ्यायचा असतो.

रेषाखंड

आरंभशूर, या गाडीपुरते सदस्यनाम बदलून ‘अंतशूर’ घ्या. वळणाच्या आरंभी शौर्य नको; जे काही दाखवायचे ते रस्ता सरळ झाल्यावर दाखवा.

जुनी ९११

भौतिकप्रेमी यांनी पाय उचलण्याविषयी लिहिले आहे, त्याचा इतिहासच आमच्या गाडीच्या नावावर आहे. पोर्श ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली. इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे असल्याने वळणात पाय उचलताच ते वजन गाडीला फिरवू पाहत असे. १९६९ च्या मॉडेलपासून कंपनीने मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेऊन चाकांमधले अंतर वाढवले आणि स्वभाव बराच निवळला. पुढे १९७५ मध्ये तिची टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारी) आवृत्ती आली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. अॅक्सिलरेटर दिल्यावर काही क्षण विशेष काही होत नसे आणि मग वळणाच्या मध्यावर सगळी ताकद एकदम येत असे. चालक दचकून पाय उचलत असे, आणि मग दोन्ही प्रकारच्या घसरणी एकामागून एक अनुभवायला मिळत असत.

टायरवाला

इतिहास वाचनीय आहे, पण धागाकर्त्यांच्या गाडीचे इंजिन पुढे आहे.

जुनी ९११

मान्य आहे, तरी तत्त्व तेच आहे. उलट एक मुद्दा जोडतो. इंजिन मध्यभागी असलेल्या गाड्यांचे वजन मधोमध एकवटलेले असल्याने त्या फार झटपट वळतात, आणि एकदा फिरायला लागल्या की तितक्याच झटपट फिरतात. पुढे इंजिन आणि मागे ताकद अशी, वजन साधारण समान वाटलेली गाडी, उदाहरणार्थ १९८९ पासूनची माझदा एमएक्स-५, चालकाला आधी इशारा देते आणि मग घसरते. शिकण्यासाठी ही मांडणी उत्तम आहे, तेव्हा आरंभशूर यांनी घाबरून जाऊ नये.

वळणदार

आता संथगती यांच्याशी माझा मतभेद मांडतो. घसरणे टाळावे हे कोणीही मान्य करील, पण पकड संपत आल्याची जाणीव ज्याने कधी घेतलेलीच नाही, त्याला टाळायचे काय हेच माहीत नसते. टायर एकदम सुटत नाही. डांबरावर धावणाऱ्या साध्या टायरची बाजूची पकड तो प्रवासाच्या दिशेशी काही अंशांचा कोन करतो तेव्हा शिखरावर असते, आणि त्यानंतर हळूहळू उतरते. या उताराची चाहूल कमरेला लागते, स्टीअरिंगच्या बदललेल्या वजनातून लागते, टायरच्या आवाजातून लागते. ही चाहूल ओल्या, रुंद, अडथळे नसलेल्या प्रशिक्षण पटांगणावर कमी वेगात घेता येते. तिथे डांबर मुद्दाम गुळगुळीत आणि भिजवलेले असल्याने जी गोष्ट रस्त्यावर फार मोठ्या वेगाला होईल, ती तिथे सायकलच्या वेगाहून थोड्या अधिक वेगाला घडते.

तिथला सर्वांत उपयुक्त पाठ कंटाळवाणा दिसतो : एका वर्तुळावर एकसारख्या वेगाने गाडी फिरवत राहायची, स्टीअरिंग जवळजवळ स्थिर ठेवायचे आणि फक्त उजव्या पायाने वर्तुळ लहान-मोठे करायचे. पाय थोडा उचलला की गाडी आत येते, थोडा दिला की बाहेर जाते, जास्त दिला की शेपूट निघते. उजवा पाय हेही एक स्टीअरिंग आहे, हे एकदा शरीराला कळले की बाकीचे पाठ सोपे जातात.

संथगती

पटांगणावरचा हा पाठ मलाही मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्याचे प्रशिक्षण नव्या चालकांना सक्तीचे केल्यानंतर १९८० च्या दशकात जे अभ्यास झाले, त्यांत तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. कारण उघड आहे : सावरता येते असा विश्वास कौशल्यापेक्षा लवकर वाढतो, आणि ते कौशल्य सरावाविना लवकर बोथट होते. नंतर उत्तर युरोपातल्या प्रशिक्षणाचा भर सावरण्यावरून धोका ओळखण्याकडे आणि स्वतःच्या मर्यादा दाखवून देण्याकडे वळला. म्हणून प्रश्न पटांगणावर जावे की नाही असा नसून तिथून काय घेऊन परतावे असा आहे.

वळणदार

या मांडणीशी सहमत आहे. चांगला प्रशिक्षक विद्यार्थ्याला एकदा तरी अशा वेगाला नेतो, जिथे कोणीही गाडी सावरू शकत नाही. त्या फेरीनंतर माणसे बरीच नम्र होतात.

मूकवाचक

धागा वाचून एक शंका विचारतो. सावरताना अनेकांची गाडी आधी एका बाजूला जाते आणि मग त्याहून जोरात दुसऱ्या बाजूला फेकली जाते. असे का होते?

भौतिकप्रेमी

मूकवाचक यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. अनेकदा पहिल्या घसरणीपेक्षा ही दुसरी घसरणच गाडी रस्त्याबाहेर नेते.

शेपूट उजवीकडे गेली आणि चालकाने स्टीअरिंग उजवीकडे फिरवले, इथपर्यंत ठीक आहे. काही क्षणांत मागच्या टायरांना पुन्हा पकड मिळते आणि शेपूट परत फिरू लागते. त्या वेळी पुढची चाके अजून उजवीकडेच रोखलेली असतील, तर ती गाडीला उजवीकडे वळवतात. शिवाय एका बाजूला दबलेल्या स्प्रिंगा सुटतात आणि त्यांतला जोरही त्याच दिशेला मिळतो. दोन्ही एकत्र आल्यामुळे दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा होतो.

यावर उपाय म्हणजे स्टीअरिंग जितक्या झटपट फिरवले तितक्याच झटपट, आणि शेपूट परत निघण्याची चाहूल लागताच, सरळ करणे. शेपूट पूर्ण जागेवर येईपर्यंत थांबलो तर उशीर होतो. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांची बैठक अशी असते की ती स्वतःहून प्रवासाच्या दिशेला वळू पाहतात. त्यामुळे स्टीअरिंग घट्ट आवळून न धरता हातांतून सरकू दिले, तर अर्धे काम गाडीच करते. यासाठी आसन पुरेसे जवळ हवे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे. आडवे रेलून, हात ताणून बसणाऱ्याला हे जमत नाही.

रेषाखंड

आणि पायांचे काय करायचे? सगळी चर्चा हातांचीच चालली आहे.

वळणदार

शेपूट कशामुळे निघाली यावर ते अवलंबून आहे. जास्त ताकदीने निघाली असेल तर अॅक्सिलरेटर थोडा मागे घ्यायचा. पूर्ण सोडायचा नाही, कारण मग वजन पुढे येऊन दुसऱ्या प्रकारची घसरण सुरू होते. पाय उचलल्यामुळे निघाली असेल तर उलट हलकासा अॅक्सिलरेटर देऊन वजन मागे न्यायचे. ही कृती भीतीच्या विरुद्ध असल्याने ती वाचून येत नाही. सुरुवातीच्या घसरणीत ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नये. एबीएस चाकांना जाम होऊ देत नाही, पण गाडीला फिरण्यापासून रोखत नाही.

मात्र गाडी इतकी फिरली की आता सावरणे शक्य नाही, असे दिसले तर सगळे नियम बाजूला ठेवून क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. मध्येच ब्रेक सोडला तर टायर अचानक पकडतात, आणि त्या क्षणी गाडीचे तोंड जिकडे असेल तिकडे ती झेपावते, मग ती दिशा समोरून येणाऱ्या वाहतुकीची का असेना.

टायरवाला

गिअरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ओल्या वळणाच्या तोंडाशी खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला, तर मागची चाके क्षणभर हँडब्रेक ओढल्यासारखी वागतात. क्लच सोडण्याआधी अॅक्सिलरेटरला हलका स्पर्श करून इंजिनाचे फेरे गिअरशी जुळवावेत, आणि हे सगळे वळणाआधी, गाडी सरळ असताना उरकावे. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत मला ही सवय घसरण सावरण्यासाठी उलट स्टीअरिंग फिरवण्यापेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण तिचा उपयोग रोज होतो.

जुनी ९११

अजून एक फसवा प्रकार सांगतो, जो ‘अचानक शेपूट निघाली’ या तक्रारींच्या मुळाशी असतो. चालक वळणात जास्त वेगाने शिरतो, आधी पुढची चाके सरकतात आणि गाडी वळत नाही. तो स्टीअरिंग आणखी फिरवतो, तरीही वळत नाही. मग वेग उतरतो किंवा तो पाय उचलतो आणि पुढच्या चाकांना पकड परत मिळते. पण आता ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळलेली असतात. तोंड झटक्यात आत जाते आणि शेपूट बाहेर. चालक सांगतो की गाडीने दगा दिला. खरे तर घसरण बरीच आधी सुरू झाली होती, फक्त पुढच्या टोकाला. पुढचा भाग सरकू लागला तर स्टीअरिंग वाढवू नये. किंचित कमी करावे आणि वेग हळुवारपणे उतरू द्यावा.

संथगती

हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयोगी आहे, असे मला वाटते.

मूकवाचक

स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली गाडी आजच्या काळात वापरावी का, हाही प्रश्न आहे. बॉशची ही प्रणाली १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेत आली, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. तज्ज्ञांनी एवढा आग्रह धरला त्याला काही अर्थ असेलच.

भौतिकप्रेमी

अर्थ नक्कीच आहे. शेपूट निघू लागली की ही प्रणाली बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कमी करते. एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणे माणसाला शक्यच नाही, कारण आपल्याकडे पेडल एकच आहे. ज्यांच्या गाडीत ती आहे त्यांनी रस्त्यावर ती कधीही बंद करू नये. मात्र तीसुद्धा टायरकडे असलेली पकडच वाटून देते, नवी पकड निर्माण करत नाही. प्रणाली नसलेल्या गाडीत ते वाटप चालकाच्या पायाकडे येते, एवढाच फरक आहे. तो लहान नाही.

रेषाखंड

संगणकावरच्या सिम्युलेटरचा काही उपयोग होतो का? तिथे मी रोज जगज्जेता असतो.

वळणदार

हातांना होतो, विशेषतः स्टीअरिंग वेळेत सरळ करण्याचा सराव चांगला होतो. कमरेला काहीच होत नाही, आणि घसरणीची पहिली बातमी कमरेलाच मिळते. सिम्युलेटरवर ती बातमी डोळ्यांना मिळते, म्हणजे उशिरा मिळते. शिवाय तिथे भीती नसल्यामुळे पाय शहाण्यासारखा वागतो, ही सवलत रस्त्यावर नसते.

टायरवाला

इतके प्रतिसाद झाले, पण घसरणीचे अर्धे उत्तर जिथे आहे तिकडे कोणी पाहिले नाही, म्हणून धागाकर्त्यांना थेट विचारतो. मागचे टायर किती जुने आहेत? जुन्या स्पोर्ट्स कार कमी चालतात, त्यामुळे नक्षी खोल राहते आणि रबर मात्र कडक होते. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. पुढे-मागे वेगवेगळे टायर असतील, किंवा मागचे जास्त झिजलेले असतील, तर ओल्या रस्त्यावर मागचा भाग आधी सुटणार हे ठरलेलेच आहे. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. उन्हाळी टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतात, आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर झिजलेली नक्षी पाणी बाजूला सारू शकत नाही, तेव्हा टायर पाण्यावर तरंगतो. अशा वेळी या धाग्यातली एकही युक्ती चालत नाही.

आरंभशूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टायरवाला यांचा प्रतिसाद वाचून लगेच अंक पाहिले. मागच्या दोन्ही टायरांवर २३१५ आहे, म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे. पुढचे टायर त्यापेक्षा बरेच अलीकडचे आणि वेगळ्या कंपनीचे आहेत.

माझ्या मूळ प्रश्नाचा क्रम मी असा लावतो आहे : आधी टायर, मग बसण्याची पद्धत आणि वळणाआधी वेग व गिअर उरकण्याची सवय, आणि त्यानंतर प्रशिक्षकासोबत ओले पटांगण. यात काही फेरफार सुचवाल का?

संथगती

क्रम योग्य आहे. पटांगणाचा दिवस होईपर्यंत ओल्या वळणात एक गिअर वरचा ठेवा, म्हणजे चाकांपर्यंत पोहोचणारा जोर कमी राहील.

टायरवाला

चारही टायर एकाच प्रकारचे घ्या, आणि नव्या रबरावरचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून चालवा. टायर बसवताना चाकांची अलाइनमेंट, म्हणजे चाके ज्या कोनात बसवलेली असतात ते, तपासून घ्या आणि मागच्या चाकांकडे विशेष लक्ष द्यायला सांगा, कारण अनेक ठिकाणी फक्त पुढची जोडी पाहून गाडी परत देतात. मागची चाके वरून पाहिली असता पुढच्या बाजूला किंचित आत झुकलेली असावीत. ती बाहेर उघडलेली असतील तर गाडी वळणात शेपूट टाकायला निमित्तच शोधत असते. जुन्या गाडीत सस्पेन्शनचे रबरी बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) सैल झाल्यामुळे उभ्या गाडीत माप बरोबर येते आणि जोर पडला की बदलते, तेव्हा आधी बुश तपासावेत आणि मगच माप घ्यावे. दोन आसनी गाडी हलकी असते, म्हणून मोजताना चालकाच्या आसनावर तुमच्या वजनाइतके ओझे ठेवायला आणि टाकी अर्धी भरलेली असू द्यायला सांगा.